मदत हवी आहे : विकिपीडियावरील लेखात अजिंठ्याचे उदाहरण द्यावे का?

नमस्कार. नांदेड येथे शिकणारे आम्ही काही पदव्युत्तर विद्यार्थी मिळून मराठी विकिपीडियासाठी ‘बहुमाध्यमी लेखन’ (शब्दांबरोबर चित्र, ध्वनी अशा अनेक माध्यमांतून अर्थ मांडणारे लेखन) या विषयावर लेख तयार करीत आहोत. १९९६ साली न्यू लंडन ग्रुप या साक्षरता-शिक्षणाच्या अभ्यासकांच्या गटाने भाषा, दृश्य, ध्वनी, हावभाव आणि अवकाश या अंगांनी होणाऱ्या अर्थनिर्मितीची जी मांडणी केली, ती आणि भाषा व चिन्हांचे अभ्यासक गुंथर क्रेस यांचे विचार संदर्भांसह धूळपाटीवर (विकिपीडियावरील कच्च्या मसुद्याच्या पानावर) लिहून झाले आहेत.

अडचण उदाहरणांच्या विभागात आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील जातककथांची चित्रे हे आपल्या मराठवाड्यातील समर्पक उदाहरण ठरेल, असे काही जणांना वाटते; परंतु तेथे चित्रे असली तरी त्यांना ‘लेखन’ म्हणणे हा आमचाच निष्कर्ष ठरतो आणि विकिपीडियावर मूळ संशोधनाला जागा नसते, असा माझा आक्षेप आहे. (मोह मलाही होतोच.) अशा वेळी अजिंठ्यावरील प्रमाण ग्रंथाचा संदर्भ पुरेसा मानला जातो, की त्या ग्रंथाने या संकल्पनेशी थेट संबंध जोडलेला असणे आवश्यक असते?

शिवाय, प्रत्येकाने स्वतंत्र विभाग लिहिल्याने भाषा विस्कळीत झाली आहे. अखेरचा हात एकानेच फिरवावा, की चर्चा पानावर आधी शैली ठरवावी? अनुभवी संपादकांनी कृपया मार्गदर्शन करावे.