अनुभव धागा: कर्बल स्पेस प्रोग्राममध्ये तुमचं पहिलं यान कक्षेत कसं गेलं?

मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने रॉकेट बांधून उडवायचा हा संगणकावरचा खेळ २०११ साली पहिल्यांदा लोकांसमोर आणला, १.० आवृत्ती २०१५ च्या एप्रिलमध्ये आली. एवढी वर्षं झाली, तरी कुणी नवीन माणूस खेळायला बसला की मी खुर्ची ओढून शेजारी बसतो. सगळे एकाच जागी अडतात. रॉकेट वर जातं, अवकाशात पोचतं आणि परत पडतं.

मीही तिथेच अडलो होतो. सरळ वर, ११० किलोमीटर, आणि खाली. वाटलं इंधन कमी पडतंय, म्हणून टाक्या वाढवत गेलो. आठवडाभर हेच चाललं. एका संध्याकाळी एक बूस्टर वाकडा बसला आणि रॉकेट आपोआप पूर्वेकडे कलायला लागलं. वैतागून नकाशा उघडला, तर यानाच्या मार्गाची एरवी उभी आणि अरुंद दिसणारी निळी कमान रुंद होत चालली होती. तिचं दुसरं टोक समुद्र ओलांडून पुढे सरकत होतं. तेव्हा कळलं की कर्बिनवर, म्हणजे खेळातल्या पृथ्वीवर, ७० किलोमीटरला हवा संपते, पण तिथे टिकून राहायला सेकंदाला साधारण २,३०० मीटर एवढा आडवा वेग लागतो. उंची हा त्यातला सोपा भाग.

तुमची गोष्ट सांगा. काय चुकलं आणि कशाने सुधारलं, हे मात्र नक्की लिहा. नवीन येणाऱ्यांना त्याचाच उपयोग होतो.

*

नाशिकहून लिहितोय. माझं पहिलं रॉकेट उडालंच नाही. स्पेसबार दाबला, इंजिन पेटलं आणि त्याच क्षणी पॅराशूटही सुटलं. दोन्ही एकाच टप्प्यात लावलेली होती. तेव्हापासून उड्डाणाआधी टप्प्यांची यादी खालून वर बोट ठेवून वाचतो: इंजिन, मग डीकपलर (टप्पे वेगळे करणारा भाग), मग वरचं इंजिन, शेवटी पॅराशूट. आज दहा वर्षांनीही ही सवय मोडलेली नाही. मुलाला शिकवतानाही सगळ्यात आधी हेच शिकवलं.

*

नमस्कार, मी लातूरचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खेळ घेऊन चारच दिवस झालेत. धागाकर्त्यांनी लिहिलंय अगदी तेच माझं होतंय. यान ९० किलोमीटरपर्यंत जातं, वर पोचल्यावर मी ते आडवं करतो, इंजिन पूर्ण सोडतो, तरी इंधन संपून पडतंच. कुणी सांगेल का?

*

लातूरकर, तुम्ही वळायला फार उशीर करताय. वर जाऊन थांबायचं आणि मग आडवं धावायचं, यात सगळं इंधन जातं. वेग सेकंदाला १०० मीटर झाला की लगेच पूर्वेकडे ५ ते १० अंश कलवा. तिथून हळूहळू झुकवत न्या, १० किलोमीटरच्या आसपास ४५ अंशांवर या. ॲपोॲप्सिस, म्हणजे मार्गातला सगळ्यात उंच बिंदू, ८० किलोमीटर दिसलं की इंजिन बंद. मग शांतपणे वर तरंगत जा आणि त्या बिंदूच्या थोडं आधी प्रोग्रेडकडे (यान जातंय त्या दिशेला) तोंड करून पुन्हा पेटवा. आणि पूर्वच धरा. कर्बिन स्वतःभोवती फिरत असल्यामुळे विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेग फुकट मिळतो. श्रीहरिकोट्याला पूर्वेला समुद्र आहे याचा फायदा इस्रोलाही असाच होतो.

*

मी सांगलीत भौतिकशास्त्र शिकवते. कक्षा मला दोन दिवसांत जमली, कारण गणित माहीत होतं. खरी परीक्षा मुनवर, म्हणजे खेळातल्या चंद्रावर, उतरताना झाली. वर उंचीचा आकडा ३,००० मीटर दाखवत होता, म्हणजे बराच वेळ आहे असं समजून मी वेग कमी करायची घाई केली नाही. यान आपटलं. आकडा तेव्हाही ३,००० च्या जवळपासच होता. तो समुद्रसपाटीसारख्या एका ठरावीक पातळीपासून मोजलेला असतो आणि मी एका उंच पठारावर उतरत होते. मग यानाच्या सावलीकडे बघत उतरायला शिकले. सूर्य तिरका असलेली जागा निवडायची. सावली दूरवरून सरकत यानाकडे येते आणि पायांना भिडायला आली की जमीन आली. नेव्हबॉल (दिशा दाखवणारा गोळा) सरफेस मोडवर, म्हणजे जमिनीच्या सापेक्ष वेगावर, ठेवायचा आणि रेट्रोग्रेडची (वेगाच्या उलट्या दिशेची) खूण अगदी वर माथ्यावर येईपर्यंत आडवा वेग मारत राहायचं. थोडा जरी उरला तरी यान कलंडतं.

नवीन लोकांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की आधी मिनमसवर, म्हणजे कर्बिनच्या दुसऱ्या छोट्या चंद्रावर, जा. लांब आहे, पण गुरुत्व पृथ्वीच्या विसाव्या भागाएवढंच. तिथली हिरवट सपाट मैदानं बरोबर शून्य उंचीवर आहेत, त्यामुळे आकडा फसवत नाही.

*

आम्ही ठाण्याचे. खेळतो माझा मुलगा, मी बघते. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरत होतं तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर होतं. पडद्यावर दोन वेग दिसत होते, आडवा आणि उभा. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणाला, "आई, उंचीकडे नको बघूस, आडवा वेग बघ. तो संपला की जमलं." मी तो आकडा बघत राहिले. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान टेकलं आणि मुलगा रडायलाच लागला. नंतर त्याने मला खेळात दाखवलं, की चंद्रयानाने पृथ्वीभोवती पाच वेळा कक्षा का वाढवली आणि दरवेळी पृथ्वीच्या जवळच्या बिंदूला इंजिन का पेटवलं. जिथे वेग जास्त तिथे जाळलेलं इंधन जास्त फळ देतं, म्हणाला. मी मराठी विषय घेऊन बीए केलंय. मला ते समजलं, याचा आनंद अजून आहे.

*

कोल्हापूर, मेकॅनिकल. टाक्या वाढवणाऱ्यांसाठी थोडं गणित. खेळातल्या टेरियर इंजिनाचा निर्वातातला विशिष्ट आवेग (इंधन किती कार्यक्षमतेने वापरतं त्याचं माप) ३४५ सेकंद. भरलेल्या यानाचं वजन रिकाम्याच्या दुप्पट असेल तर सुमारे २,३५० मीटर प्रति सेकंद डेल्टा-व्ही, म्हणजे वेगात करता येणारा एकूण बदल, मिळतो. तो दुप्पट हवा असेल तर वजनाचं गुणोत्तर चार लागतं, तिप्पट हवा असेल तर आठ. त्सिओल्कोव्स्कीचं हे समीकरण १९०३ पासून छापलेलं आहे, मी ते परीक्षेत लिहूनही आलो होतो. पण खालून टाकी जोडली की डेल्टा-व्हीचा आकडा जेमतेम हलतो आणि वरून ५० किलो काढले की उडी मारतो, हे डोळ्यांनी बघितल्यावरच ते अंगात मुरलं. आता मी यान वरून खाली बांधतो.

*

डॉकिंगबद्दल, म्हणजे अवकाशात दोन यानं जोडण्याबद्दल, कुणी लिहिलं नाही अजून. मी बंगळूरूला असतो. हे शिकायला मला तीन महिने लागले.

माझं स्थानक १०० किलोमीटरवर फिरत होतं, यान त्याच कक्षेत २० किलोमीटर मागे. साहजिकच मी त्याच्याकडे तोंड केलं आणि इंजिन दिलं. पहिली काही मिनिटं अंतर कमी झालं, मग स्थानक खाली आणि पुढे निघून गेलं. जितकं जास्त ढकलावं तितकं ते लांब. कारण पुढे ढकललं की कक्षा मोठी होते आणि मोठ्या कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो. पुढच्याला गाठायचं असेल तर वेग कमी करून खालच्या कक्षेत जायचं. माझं मन हे मानायलाच तयार नव्हतं. पुढे वाचनात आलं की १९६५ च्या जूनमध्ये जेमिनी ४ यानातून अंतराळवीर मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनाही हेच भोवलं होतं. तेव्हा कुठे धीर आला.

शेवटी जमलं ते असं. मॅन्युव्हर नोड (इंजिन कधी आणि किती पेटवायचं याची नकाशावरची खूण) लावून दोन किलोमीटरच्या आतली भेट ठरवली. जवळ आल्यावर नेव्हबॉलवरच्या वेगावर क्लिक करून टार्गेट मोड घेतला, रेट्रोग्रेड धरून सापेक्ष वेग शून्य केला. मग स्थानकाकडे तोंड, थोडा धक्का, पुन्हा शून्य. शेवटचे ५० मीटर फक्त आरसीएसवर (छोट्या थ्रस्टरवर), सेकंदाला ०.३ मीटरने. रात्रीचे दोन वाजले होते. दोन्ही पोर्ट एकमेकांना किंचित ओढतात, यान हलकंसं थरथरतं आणि अचानक दोघांचं एक यान होतं. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्सची दोन यानं जोडली गेली, तेव्हा त्या सगळ्यांच्या हातांची मला काळजी वाटत होती.

*

ड्युनाला, म्हणजे खेळातल्या मंगळाला, जाताना थांबायला शिका. ड्युना कर्बिनच्या सुमारे ४५ अंश पुढे असेल तेव्हाच निघायचं. पृथ्वी-मंगळाची अशी वेळ साधारण २६ महिन्यांनी येते, मंगळयान २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये उडालं ते याचमुळे. आणि सौर पॅनेल उघडले का ते दोनदा बघा. माझं यान वीज संपून वाटेत निकामी झालं, ते अजून सूर्याभोवती फिरतंय.

*

लातूरहून पुन्हा. झालं! १०० मीटर वेगाला वळवलं, अगदी सांगितलं तसं. ॲपो ९१, पेरी (कक्षेतला सगळ्यात खालचा बिंदू) ७३. वीस मिनिटं नुसता बघत बसलोय, यान पडत नाहीये. पण इंधन पूर्ण संपलंय आणि आत अंतराळवीर जेबेडाया आहे. त्याला खाली कसं आणू?

*

अभिनंदन! काळजी करू नका, तो येईल. रिकामी टाकी सोडून द्या, एसएएस (यान स्थिर धरणारी यंत्रणा) चालू ठेवा. ॲपो जवळ आला की जेबला बाहेर काढा, आर दाबून जेटपॅक सुरू करा आणि यानाच्या पुढच्या बाजूने मागे ढकला. सेकंदाला ५ मीटरचा फरक पडला तरी पेरी ७० च्या खाली जाईल, पुढचं काम हवा करेल. जेटपॅकचं इंधन संपलं तर आत जाऊन या, पुन्हा भरतं. आणि पॅराशूट लावलेलं आहे ना?

*

आहे. वरच्या टप्प्यात, एकटंच. चाललो ढकलायला.