टेलिस्कोप राहू दे, लॅपटॉप घे
धुळ्याच्या एका ताईने विचारलंय की बीएस्सी फिजिक्स झालंय, अ‍ॅस्ट्रॉनॉमीत पीएचडी करायचीय तर आधी टेलिस्कोप घेऊ का. अगं नको, ते पैसे लॅपटॉपात घाल. माझा भाचा चोपड्याचा, सध्या पुण्यात पीएचडी करतोय, सुट्टीत घरी आला की आजी विचारते "रातभर आभाय देखस का रे?" आणि हा गच्चीवर खाटेवर बसून पायथॉनचा कोड दुरुस्त करत असतो, कारण डेटा आला खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा, तिथल्या ४५ मीटरच्या ३० डिशेस रेडिओ लहरी पकडतात, दिवसासुद्धा, डोळा लावायला काही नाहीच. त्यातही निम्मा वेळ मोबाईल टॉवर न् विजेच्या तारांच्या लहरींचा कचरा डेटातून गाळण्यात जातो म्हणे.

तर एमएस्सी फिजिक्सच कर, गणित आणि कोडिंग पक्कं कर, मग जेस्ट, नेट, गेट या पीएचडीच्या प्रवेशाला लागणाऱ्या परीक्षा दे. कोणती संस्था कोणता स्कोअर धरते ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघ. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, घरभाडं वेगळं, म्हणजे घरच्यांना केळीचा भाव पडला तरी पैसे मागायला नको. फक्त पाच-सहा वर्षं "लग्न कधी" ऐकायची तयारी ठेव, त्याला एन्ट्रन्स नाही.