‘पगारी सहल’, मिशनरी घरातील स्वयंपाकीण आणि पाच हौदाचा चहा

घोरपडीकरीण:
शनिवारपेठी यांनी परवा येथे लिहिले की, परदेशात जाणारे मिशनरी कुटुंब म्हणजे देणगीदारांच्या पैशावर चाललेली पगारी सहल असते. घरात स्वयंपाकीण, फाटकावर पहारेकरी, सुट्टीत सरोवराकाठची छायाचित्रे आणि वर्षातून दोनदा ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असे पत्र. ज्या चित्रफितीवरून त्यांनी हे लिहिले तिच्यातील कुटुंब माझ्या ओळखीचे नाही. परंतु माझी धाकटी बहीण, तेथे पाळकांना शिकवणारे तिचे यजमान आणि दोन मुले गेली सहा वर्षे मलावीतील ब्लँटायर शहरात राहत आहेत आणि त्यांची पत्रे आमच्या ख्रिस्ती मंडळीत मीच वाचून दाखवते, त्यामुळे मला गप्प बसवेना.

सहलीचा दिवस कसा असतो ते सांगते. बहीण पहाटे साडेचारला उठते, कारण वीज असली तर ती त्या वेळी असते. जानेवारी २०२२ मध्ये आना वादळाच्या पुराने शिरे नदीवरचे कापिचिरा येथील वीजकेंद्र बंद पडले, देशाची जवळजवळ तृतीयांश वीज एका दिवसात गेली आणि तेव्हा तिने बाजारातून आणलेली म्बाउला, म्हणजे आपली कोळशाची शेगडी, अजून परसात आहे. पाणी उकळायचे, गाळायचे, मच्छरदाण्या तपासायच्या, कारण धाकट्याला तीनदा हिवताप झाला आहे. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने चिलोब्वे वस्तीवर डोंगर खाली आला, तेव्हा तिच्या बैठकीच्या खोलीत चार विद्यार्थ्यांची कुटुंबे आठ दिवस झोपत होती. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही, कारण कोणाचाही फोन चार्ज नव्हता.

रस्त्यात तिला लोक ‘अमवेन्ये’ म्हणतात, म्हणजे भारतीय, आणि तिचे लिंबे भागात दुकान असणारच असे गृहीत धरून उधारी मागतात. आपण मिशनरी आहोत हे तिला चिचेवा भाषेत, अडखळत, दर वेळी समजावून सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही, कारण मिशनरी गोरा असतो हे त्यालाही पक्के ठाऊक असते. पुण्यात ती बारा वर्षे परिचारिका होती. तेथे तिला नोकरीसाठी स्वतंत्र परवाना लागतो, तो मिळालेला नाही, त्यामुळे सरकारी कागदावर ती केवळ ‘पत्नी’ आहे. या सहलीचे तिकीट तिने असे भरले आहे.

शनिवारपेठी:
आपल्या भगिनींच्या कष्टांविषयी मला आदर आहे. मात्र आपण जे लिहिले त्यातील निम्मे त्या शहरातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला आलेले आहे. वीज सर्वांचीच गेली, डोंगर गरिबांवर कोसळला, हिवताप सर्वांनाच होतो. फरक इतकाच की आपल्या भगिनींच्या कपाटात परतीच्या प्रवासाचे पारपत्र आहे आणि त्यांच्या कष्टांचे पत्र पुण्यात भक्तीनंतर वाचले जाते. शेजारणीचे वाचले जात नाही.

दुसरे असे की, मलावीत स्कॉटिश मिशन १८७५-७६ पासून आहे, ब्लँटायर हे नावच लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावावरून ठेवलेले आहे आणि त्या देशातील बहुसंख्य लोक आज ख्रिस्ती आहेत. जेथे चर्च आपल्या पुण्याहून अधिक भरलेले असते तेथे पाळकांना शिकवण्यासाठी पुण्याहून माणूस कशाला लागतो? आणि स्वयंपाकिणीविषयी आपण संपूर्ण मौन पाळले आहे, याची नोंद घ्यावी.

जुना हिशेबनीस:
मी त्याच मंडळीचा नसलो तरी एका मंडळीचा चौदा वर्षे खजिनदार होतो, म्हणून पैशाविषयी लिहितो. आमच्याकडे ‘परदेश सेवा’ या खात्यावर दरमहा वर्गणी जमा होते, आणि त्याच इमारतीच्या छपरातून पावसाळ्यात वेदीजवळ बादली ठेवावी लागते. छप्पर मागितले की ‘देव पुरवील’, आणि परदेशाचे पत्र आले की पाकिटे फुगतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचा या चलनाचे ४४ टक्के अवमूल्यन झाले, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. ज्याला रुपयांत मदत जाते त्याच्या हातात त्या दिवसापासून अधिक क्वाचा पडू लागले. त्यानंतरच्या पत्रात ‘आता थोडे कमी पाठवा’ असे कोणी लिहिल्याचे आठवते का, हे ताईंनी प्रामाणिकपणे सांगावे.

घोरपडीकरीण:
नाही लिहिले. लिहायला हवे होते असे तीन महिने वाटले, कारण घरमालक भाडे डॉलरच्या हिशोबाने घेतो आणि पीठ, तेल, इंधन यांचे भाव त्या तीन महिन्यांतच नव्या दराला येऊन मिळाले. छपराविषयी मी आपल्याशी सहमत आहे. परंतु ते छप्पर माझ्या बहिणीने गळवलेले नाही.

ख्रिस्ती देशात मिशनरी कशाला, हा प्रश्न यजमानांना त्यांचे विद्यार्थीच विचारतात. ते हिशेब ठेवणे, ग्रामीण मंडळीचे व्यवस्थापन आणि बायबलचा अभ्यास शिकवतात. तेथे मंडळ्या पुष्कळ आणि शिकलेले पाळक थोडे आहेत. एकेक पाळक अनेक प्रार्थनागृहे सायकलवरून सांभाळतो. त्यांच्या जागी स्थानिक शिक्षक मिळाला की हे परत येणार, असा करार आहे.

स्वयंपाकीण आहे. आठवड्यातून पाच दिवस येते. ज्या घरात नोकरी देण्याची ऐपत आहे त्या घराने ती न देणे तेथे कंजूषपणाचे समजतात.

कर्वेनगरची सून:
मला या चर्चेत पडायचे नव्हते, परंतु ‘मौनाची नोंद’ हे शब्द वाचून राहवले नाही. शनिवारपेठी यांनी आपल्या घरी भांडी कोण घासते, पोळ्या कोण लाटते आणि केर-फरशी कोण करते हे एकदा सांगून टाकावे. ज्या शहरात कामाच्या बाईने एक दिवस दांडी मारली की दुपारपर्यंत संपूर्ण इमारतीचा तोल जातो, त्या शहरातून ब्लँटायरच्या स्वयंपाकिणीवर लेख लिहिले जात आहेत. माझ्या सासरी बाईंचा कप वेगळा आहे. त्याचा कान तुटलेला आहे आणि तो गॅलरीतल्या कठड्यावर पालथा असतो. सात वर्षांपूर्वी मी तो टाकून दिला, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कपाचा कान तुटलेला आढळला.

शनिवारपेठी:
माझ्या घरातील कपांचा या विषयाशी काय संबंध आहे, हे मला कळलेले नाही. मी सेवेचे नाव घेऊन नोकर ठेवत नाही. पगार देतो, काम घेतो आणि त्याचे छायाचित्र काढून कोणाकडे वर्गणी मागत नाही.

कर्वेनगरची सून:
म्हणजे कप वेगळा आहे.

वाचनवेडा:
कपांचा विषय निघालाच आहे आणि गाव पुणे आहे, म्हणून १८९० सालचा पाच हौद मिशनमधील चहा आठवल्यावाचून राहत नाही. मिशनऱ्यांच्या घरी चहा-बिस्किटांचा कार्यक्रम झाला, डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि त्यावर मोठे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, लोकमान्यांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि काहींनी आपण पेल्याला हात लावला परंतु चहा घेतला नाही अशी भूमिका घेतली. ही तिसरी भूमिका मला सर्वांत पुणेरी वाटते. मिशनऱ्यांचा कप विटाळाचा म्हणून ज्या गावाने वर्षानुवर्षे चौकशी चालवली, त्याच गावाने मिशनऱ्यांनी स्वयंपाकिणीला कोणता कप दिला याची चौकशी करावी, हे मात्र रंजक आहे.

शनिवारपेठी:
१८९० मधील माणसांच्या पापाचे माप माझ्या पदरात घालू नये. माझे आजोबा सहभोजनांना जात असत आणि त्यासाठी त्यांनी भावकीशी वैर पत्करले होते. आईच्या घरात वेगळा कप होता, हे मी कबूल करतो. आई गेल्यावर तो मीच फेकला. हे येथे सांगावे लागले याची मला चीड आली आहे, कारण प्रश्न मिशनरी कुटुंबाचा होता आणि खटला माझ्या मोरीवर चालला आहे.

पाचगणीचा विद्यार्थी:
दोन्ही बाजूंना न आवडणारी गोष्ट सांगतो. माझी आजी नगर जिल्ह्यात एका मिशन बंगल्यावर आया होती. मडमेच्या तीन मुलांना तिने वाढवले, त्यांना तिच्याच तोंडून मराठी आले, आणि ती मागच्या दाराने येत असे व जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यातून चहा पीत असे. बशी-कप समोरच्या खोलीतील लोकांसाठी होते. ती स्वतः बाप्तिस्मा घेतलेली होती, रविवारी त्याच बाकावर बसत होती, आणि प्रभुभोजनाचा प्याला तिला व मडमेला एकच होता. सोमवारी पुन्हा जर्मनचा पेला. त्यामुळे ताईंना विचारतो की आपल्या भगिनींच्या घरी ती स्वयंपाकीण कोठे बसून जेवते? बाकीच्यांनी कृपया १८९० मधून परत यावे.

घोरपडीकरीण:
हा प्रश्न वाचून मी काल रात्री बहिणीला विचारले, आणि उत्तर मला फारसे सोयीचे नाही. ती बाई स्वयंपाकघरात बसून जेवते. पहिल्या दिवशी तिने गुडघे टेकून ताट पुढे केले, कारण तेथे आदर दाखवण्याची तशी रीत आहे. बहीण इतकी ओशाळली की तीही खाली बसली, आणि मग कोणी आधी उठायचे हे दोघींना कळेना. टेबलावर बसण्याचा आग्रह तिने वर्षभर केला. त्या बाईंनी शेवटी स्पष्ट सांगितले की, तुमच्याबरोबर काटा-चमच्याने खाताना माझे पोट भरत नाही, मला माझी न्सिमा हाताने आणि निवांत खाऊ द्या. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आता शनिवारी बहीणच स्वयंपाकघरात जाऊन हाताने जेवते. बाकी चार दिवस मात्र टेबल आणि स्वयंपाकघर वेगळेच राहते. कप एकच आहेत, हे मी दोनदा विचारून घेतले आहे.

जुना हिशेबनीस:
शनिवारी सेवा आणि इतर दिवशी व्यवस्थापन. हे पुढच्या पत्रात लिहा. छपराइतकेच विश्वसनीय वाटेल. उपरोध बाजूला ठेवून सांगतो, असे पत्र आमच्याकडे आले असते तर मी चौदा वर्षांत एकदा तरी खिशात हात आनंदाने घातला असता. आम्हांला येतात ती पत्रे बरे झालेल्या रुग्णांची आणि हसणाऱ्या मुलांची असतात.

पाचगणीचा विद्यार्थी:
हसणाऱ्या मुलांविषयीच मला बोलायचे होते. माझे आईवडील सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक, होते, परदेशी नव्हे, विदर्भात. आणि मला सातव्या वर्षी पाचगणीला वसतिगृहात ठेवले. पूर्वी अमेरिकन मिशनरी आपली मुले बोटीने मायदेशी पाठवत आणि वर्षानुवर्षे त्यांना पाहत नसत; ती मुले निदान या देशात राहावीत म्हणून १९०१ मध्ये कोडाईकनालला त्यांच्यासाठी शाळा निघाली. दोन संस्कृतींच्या मध्ये वाढणाऱ्या अशा मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’ हे नाव रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिले, तेही १९५० च्या दशकात भारतातील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. म्हणजे या दुखण्याला नाव आपल्या अंगणात मिळाले. आईवडिलांना देवाचे पाचारण झाले, हे मी मान्य करतो. मला झाले नव्हते. माझी आई दर पत्रात ‘देव तुझ्याजवळ आहे’ असे लिहीत असे, आणि मला त्या वयात देवाऐवजी ती हवी होती.

घोरपडीकरीण:
तुमच्या आईला दोष देणे सोपे आहे. तिला विचारले होते का कोणी?

पाचगणीचा विद्यार्थी:
माझ्या आईविषयी आपण बोलू नये. आपण तिला ओळखत नव्हता.

कर्वेनगरची सून:
ताईंचा प्रश्न मात्र खरा आहे, फक्त तो चुकीच्या ठिकाणी विचारला गेला. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना विचारून घेतला नव्हता. त्यांनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने तो घेतला, म्हणून आज आपण दोघांची नावे घेतो. परिचारिकेची नोकरी सोडून ‘पत्नी’ झालेल्या बाईला ही पाच वर्षे मिळाली का? की विमानाची चार तिकिटे एकदमच काढली?

शनिवारपेठी:
हे मी पहिल्या दिवशी विचारले असते तर मला धर्मद्वेष्टा ठरवले गेले असते. असो. ‘सहल’ हा शब्द मी मागे घेतो. ‘पगारी’ तेवढे राहू द्यावे.

घोरपडीकरीण:
पगाराचा आकडा कळवला तर आपण तेही मागे घ्याल, परंतु तो सांगण्याचा मला अधिकार नाही. पाचगणीच्या विद्यार्थ्यांची मी क्षमा मागते. ते वाक्य मी रागात लिहिले.

आज सकाळी फोनवर मोठ्या भाच्याला विचारले. तो बारा वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी वसतिगृहात पाठवायचे की नाही यावर घरात बोलणे चालू आहे. येथे येताना तुला विचारले होते का, आणि आता विचारले तर काय सांगशील, असे मी म्हटले. त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, “मावशी, आधी आईला विचार.” त्याने फोन तिच्याकडे दिला. मी तोच प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली की वीज गेली आहे, शेगडी पेटवायची आहे, संध्याकाळी बोलू.

आता रात्रीचे साडेनऊ झाले आहेत. फोन आलेला नाही.