वळवानंतर डेस्कटॉपचं नेट गेलं

प्रश्न: परवा वळीव झाला, जवळच वीज कडाडली, तेव्हापासून डेस्कटॉपला नेट नाही. मोबाईलवर वायफाय झकास! नेटवाला म्हणतो, "आमच्याकडून ओके आहे." बायकोचं जीएसटी रिटर्न अडलंय, घरात वातावरण तंग.

– सीएमडी (विंडोजची काळी कमांड खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाका. आयपी, म्हणजे पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, काय येतो?

प्रश्नकर्ता: १६९.२५४ पासून सुरू होतोय. केबलच्या खाचेतला दिवा नुसता पेटलेला, लुकलुकत नाही.

– म्हणजे राउटरने (वायफायच्या डब्याने) पत्ता दिलाच नाही, विंडोजने स्वतःच एक ठोकून दिलाय. तीच केबल लॅपटॉपला लावून बघा.

प्रश्नकर्ता: मेहुण्याच्या लॅपटॉपवर लगेच चाललं.

– मग तुमचा लॅन पोर्ट, म्हणजे पीसीची ती नेट केबलची खाच, गेला. स्पाइक गार्ड लाइटकडून येणारा झटका अडवतो, पण वीज लॅनच्या तारेतूनही शिरते. आमच्याकडे कोकणात दर पावसाळ्यात हेच. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणेल, ऐकू नका. यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो, तो घ्या. रिटर्न आजच भरायचं असेल तर मोबाईल यूएसबी केबलने पीसीला जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट पीसीला देण्याची सोय) चालू करा. बहुतेक अँड्रॉइडवर घरचं वायफायच पीसीला मिळतं.

प्रश्नकर्ता: टेदरिंग चाललं! ती बसली पोर्टलवर. आता पोर्टलच उघडत नाहीये, तो भाग वेगळा.