हरणटोळाच्या जुन्या संग्रहालय-नोंदी नकाशात कशा धराव्यात?

कारवी: उत्तर सह्याद्रीतल्या हिरव्या हरणटोळाचा (झाडावरच्या सडपातळ, लांब नाकाच्या सापाचा) वितरण-नकाशा करते आहे. जीबिफ या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक खुल्या संग्रहावरून फक्त 'जतन केलेला नमुना' प्रकारच्या नोंदी उतरवल्या. बहुतेकांवर शास्त्रीय नाव अहेटुला नासूटा, काही जुन्यांवर ड्रायोफिस मायक्टेरिझान्स. सगळ्या अहेटुला बोरिआलिस म्हणून धरायच्या का? ठिकाणंही 'बॉम्बे', 'कॅनरा', 'खंडाळा' एवढीच आहेत.

सापकिडा: सरसकट नको. हरणटोळांच्या जातींच्या २०२० च्या फेरमांडणीनंतर नासूटा हे नाव श्रीलंकेपुरतं उरलं. उत्तर सह्याद्रीतल्या ओल्या रानातला तो बोरिआलिस आणि द्वीपकल्पातल्या कोरड्या सपाटीवरचा, थोराड अंगाचा नि लांब नाकाचा तो ऑक्सिरिंका. म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेकडची नोंद नुसत्या नावावरून कुठल्याच खान्यात बसत नाही. तक्त्यात लेबलवरचं नाव जसंच्या तसं ठेवा, शेजारच्या रकान्यात आजचं. नमुना कोणी पाहिलेलाच नसेल तर 'नासूटा गट' एवढंच लिहा.

अहेटुला वाचूनही लगेच हुरळू नका. सर्पतज्ज्ञ माल्कम स्मिथच्या भारतातल्या सापांवरच्या १९४३ च्या खंडात हरणटोळ ड्रायोफिसमध्ये आहेत आणि अहेटुला हे नाव रुखई या वेगळ्याच झाडसापाच्या गटाला दिलंय. त्या पद्धतीने लिहिलेल्या नमुन्याच्या बरणीवर 'अहेटुला ट्रिस्टिस' असेल तर आत रुखई निघणार. हरणटोळासाठी 'व्हिप स्नेक' हे इंग्रजी नाव टाकून शोधत असाल तर तेही सोडा, ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले भलतेच साप गोळा होतात.

घाटवाट: ठिकाणांचं बोलतो. 'बॉम्बे' म्हणजे शहर की इलाखा, हे आधी बघा. १९३६ पर्यंत सिंधसुद्धा इलाख्यातच होता. 'कॅनरा' त्याहून वाईट: उत्तर कॅनरा मुंबईकडे, दक्षिण कॅनरा मद्रासकडे, त्यामुळे कारवारपासून कासरगोडपर्यंत काहीही. असल्या नोंदी तक्त्यात राहू देत, नकाशावर नकोत.

खंडाळे दोन पकडा: लोणावळ्याजवळचं घाटमाथ्यावरचं आणि सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं. मध्ये सुमारे १०० किलोमीटर, शिवाय एक ओलं, एक कोरडं. तुमच्या प्रश्नात नेमका हाच फरक जातीचं नाव ठरवणार. संग्रहालयाच्या नोंदवहीतले मागचे-पुढचे क्रमांक मागवा. त्याच संग्राहकाने त्याच आठवड्यात माथेरान-कर्जतचे नमुने दिले असतील तर निकाल लागला.

अक्षांश-रेखांश तयार मिळाले तरी तपासा. लोणावळा १८ अंश ४५ मिनिटं उत्तर, ७३ अंश २४ मिनिटं पूर्व. दशांशात ते १८.७५, ७३.४० व्हायला हवं. कोणी मिनिटंच दशांश समजून १८.४५, ७३.२४ लिहिलं की घाटमाथ्यावरचा साप कोलाडजवळ उतरतो. दशांशचिन्हानंतरची दोन अंकी संख्या कधीच ५९ च्या वर जात नसेल तर त्या अख्ख्या संचावर संशय घ्या.

कारवी: खंडाळ्याच्या नमुन्याचे फोटो संग्रहालय देतंय. कोणते मागू? वर्णनात रंग 'निळा' लिहिलाय, म्हणून हरणटोळच आहे का अशी शंका.

बरणीवाला: निळा म्हणजे घाबरायचं काम नाही. त्वचेतलं पिवळं द्रव्य अल्कोहोलमध्ये उतरतं आणि हिरव्याचा निळा होतो. रंगावरून काहीच ठरवू नका.

फोटो असे: डोकं बाजूने, वरून, खालून, शेजारी मिलिमीटरची पट्टी. पोटाचे आणि शेपटीखालचे खवले मोजता येतील असे सलग तुकडे. शेपटीच्या टोकाचा जवळून एक, कारण टोक तुटलं असेल तर शेपटीखालच्या खवल्यांचा आकडा बाद. नाकाच्या टोकावर भर द्या. नासूटा गटात ते फक्त तुंडखवल्याचं, म्हणजे तोंडाच्या पुढच्या टोकावरच्या एकाच खवल्याचं, बनलेलं असतं. वरून बारीक खवल्यांचा थर दिसला तर तो तपकिरी हरणटोळ, म्हणजे आपल्याकडचा सह्याद्रेन्सिस. बरणीच्या तळाशी दाबून नाक वाकलेलं असतं, तेव्हा लांबी वाकण्याच्या रेषेने घ्या, सरळ पट्टी लावून नको.

आणि पायाला, म्हणजे गळ्याला म्हणा, बांधलेल्या चिठ्ठीच्या दोन्ही बाजू. संग्रहालयांनी नमुन्यांची देवाणघेवाण केलेली असते. मागच्या बाजूला जुना क्रमांक असेल तर तोच साप तुमच्या यादीत दोनदा मोजला गेलेला असू शकतो.