ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांचा अभ्यास घरी कोणी पाहायचा?

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, धारूर तालुका (बीड)

दिवाळीच्या सुमारास आमच्या वस्तीवरील बहुतेक जोडपी मुकादमाची उचल (मजूर ठेकेदाराने आगाऊ दिलेली रक्कम) फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात; परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास. हंगामी वसतिगृहामुळे बरीच मुले आजी-आजोबांजवळ गावातच थांबतात, त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते आणि हजेरीही टिकते. तरीही संक्रांतीपर्यंत दुसरी-तिसरीतील मुलांचे वाचन मागे पडलेले दिसते. पालकसभेला आजी येते आणि "मला काय कळतंय गुरुजी, तुमीच बघा" म्हणून उठते. अक्षरओळख नसलेल्या या आजीला नेमके काय सांगावे?

उत्तर : अंगणवाडी सेविका, केज तालुका

गुरुजी, आजीला अभ्यास घ्यायला सांगू नका, ऐकायला सांगा. मुलाने रोज एक पान मोठ्याने वाचावे आणि आजीने मधूनच "मग पुढं काय झालं?" एवढेच विचारावे. जे वाचले ते आजीला समजावून सांगताना मुलाला स्वतःलाही त्याचा अर्थ लावावा लागतो. आमच्याकडील एक आजी ज्वारी निवडताना नातीला खडे दहा-दहाच्या ढिगांत मांडायला लावते; ती मुलगी पहिलीत जाण्याआधीच दशक-एकक समजून बसली आहे. कोडी, ओव्या, गावातल्या जुन्या गोष्टी यांतून मुलांची भाषा वाढते, आणि हे भांडार आपल्यापेक्षा आजीकडेच अधिक आहे.

उत्तर : सामाजिक कार्यकर्ता, अंबाजोगाई

ताईंचे म्हणणे पटते, परंतु आईवडिलांबरोबर फडावर (तोडणी चालते त्या उसाच्या शेतावर) जाणारी मुले या चर्चेतून सुटू नयेत. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे, आणि आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला या कारणावरून कोणतीही शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. सहा वर्षांखालील मुलांना मात्र या कायद्याचा असा आधार नाही. त्यांच्यासाठी 1975 पासून अंगणवाडीची व्यवस्था आहे, पण कोप्या (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या) शिवारात आणि अंगणवाडी गावात असल्यामुळे पहाटे फडात गेलेल्या आईला लेकराला तिथे पोहोचवणे जमत नाही. मग दहा-बारा वर्षांची थोरली बहीण धाकट्याला सांभाळत कोपीवर बसते आणि एका घरातील दोन मुलांचे शिक्षण एकदमच बुडते. मला हा अन्याय सर्वांत मोठा वाटतो.

उत्तर : ऊसतोड कुटुंबातील शिक्षिका, वडवणी तालुका

आजीवर सगळा भार टाकू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चार-पाच नातवंडे, शेळ्या आणि दुखरे गुडघे सांभाळून ती आधीच थकलेली असते. आईवडील लांब असले तरी रात्री त्यांचा फोन येतो, त्या वेळी "जेवलास का?" याच्या जोडीला "आज काय वाचलंस, ऐकव" असे त्यांनी म्हणावे, ही गोष्ट सभेत त्यांच्याशी ठरवून घेता येते. मात्र ती सभा दिवाळीच्या तोंडावर घेऊन उपयोग नाही. मुलीला सोबत न्यायचे की मागे ठेवायचे, याचा विचार पावसाळ्यात उचल घेतानाच घरात सुरू होतो, आणि मागे ठेवलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती वाटू लागली की तिचे लग्न लवकर उरकण्याचा विषय निघतो. म्हणून पोळ्याआधीच दोघेही आईवडील घरी असताना शिक्षक आणि अंगणवाडीताईंनी मिळून त्या घरी जावे आणि मुलगी रात्री कोणाजवळ राहील, हे त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.