मदत हवी आहे: आयरीन अ‍ॅडलरचे दोन नवे अवतार एका संध्याकाळी कसे दाखवावेत?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमच्या सोसायटीत एक वाचनकट्टा चालतो. बरेचसे सभासद निवृत्त, थोडी कॉलेजातली पोरं, आणि मधल्या वयाचे आम्ही काही जण, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून वेळेत सुटलो तर. पुढच्या महिन्यात शेरलॉक होम्स आहे. एकच कथा वाचायची आणि अलीकडच्या मालिकांनी तिचं काय केलंय ते पडद्यावर बघायचं, असा बेत आहे. कथा निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी 'अ स्कँडल इन बोहेमिया' घेतली. तिथेच अडलेय. (पुढे सगळी रहस्यं फुटणार आहेत, मालिका बघायच्या राहिल्या असतील तर इथूनच परत फिरा.)

कथा थोडक्यात. जुलै १८९१ च्या 'स्ट्रँड' मासिकात आलेली ही होम्सची पहिली लघुकथा. बोहेमियाच्या राजाचं लग्न ठरलंय आणि आयरीन अ‍ॅडलर या गायिकेकडे त्या दोघांचा एकत्र फोटो आहे. तो मिळवायला होम्स जखमी पाद्र्याचं सोंग घेऊन तिच्या घरात शिरतो, त्याचा मित्र वॉटसन खिडकीतून धुराचं नळकांडं आत टाकून 'आग, आग' म्हणून ओरडतो. आग लागली की बाई आपल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूकडे धावणार, हा होम्सचा हिशेब. ती धावते, घंटेच्या दोरीवरची सरकती फळी उघडते, जागा कळते. इथवर नेहमीचं.

पण ती त्याच रात्री पुरुषाच्या वेशात त्याच्या मागोमाग बेकर स्ट्रीटपर्यंत येते, तो दारात किल्ली शोधत असताना त्याचं नाव घेऊन 'शुभरात्री' म्हणते आणि निघून जाते. सकाळी हे लोक पोचतात तेव्हा ती नवऱ्याबरोबर देश सोडून गेलेली असते. मागे एक पत्र आणि तिचा एकटीचा फोटो. राजा हळहळतो, बाई माझ्या पातळीची असती तर! होम्स थंडपणे म्हणतो, खरंय, तिची पातळी फारच निराळी दिसते. मग राजाची पाचूची अंगठी नाकारून तो फोटो मागून घेतो. संपलं. मला हा शेवट फार आवडतो. हुशार माणूस हरतो आणि गप्प बसतो.

आता नव्या मालिका. बीबीसीच्या 'शेरलॉक'मधला 'अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया' हा भाग १ जानेवारी २०१२ चा. त्यातला सुरुवातीचा भाग मस्तच जमलाय. फोटो मोबाइलमध्ये गेलेत. धुराच्या नळकांड्याऐवजी जॉन (म्हणजे वॉटसन) एक मासिक पेटवून फायर अलार्म वाजवतो. ती धावत नाही, तिची नजर फक्त क्षणभर आरशाकडे जाते, आणि तिजोरी आरशामागे निघते. मूळ युक्तीला यापेक्षा चांगला मान देता आला नसता. पण पुढे? शेरलॉक तिची नाडी बघतो, डोळ्यांच्या बाहुल्या बघतो, ती आपल्या प्रेमात आहे हे ओळखतो आणि त्यावरून मोबाइलचं कुलूप उघडतो. ती दयेची याचना करते. शेवटी कराचीत तिचं डोकं उडवायची वेळ येते तेव्हा हाच जाऊन वाचवतो. जिनं होम्सला हरवलं तिला एकशेवीस वर्षांनी होम्सनंच वाचवायचं, हा कुठला न्याय?

'एलिमेंटरी' (२०१२ ते २०१९, न्यूयॉर्कमधला होम्स आणि ल्युसी ल्यूची जोन वॉटसन) तर आणखी पुढे जाते. तिथे आयरीनच मोरियार्टी, म्हणजे होम्सचा कट्टर शत्रू, निघते. म्हणजे बाई हुशार असेल तर ती गुन्हेगारांची राणीच असली पाहिजे.

तर मदत अशी हवी आहे. 'एलिमेंटरी'चा हा धागा पहिल्या सीझनभर पसरलाय. चोवीस भाग न बघितलेल्या माणसाला त्यातलं काय दाखवावं म्हणजे कळेल? दुसरं, बीबीसीच्या भागात आयरीन पहिल्यांदा समोर येते ती अंगावर कपडा न ठेवता. आमच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत पंचाहत्तरीच्या काकू बसतात. तो प्रसंग गाळू का? आणि तिसरं, एखाद्या तरी नव्या मालिकेत ही बाई सरळ जिंकून निघून गेलीय का? तेवढं कुणी सांगितलं तर माझी संध्याकाळ झाली.

तलावपाळीचा_बाक

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. अजिबात गाळू नका! त्या प्रसंगाचा सगळा जीवच त्यात आहे. शेरलॉक समोरच्या माणसाचे कपडे, बूट, बाह्या वाचून त्याची कुंडली मांडतो आणि ते शब्द आपल्याला पडद्यावर दिसतात. ती कपडेच ठेवत नाही, म्हणून त्याला वाचायला काही उरत नाही आणि पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं येतात. लगेच तो जॉनकडे बघतो, त्याच्याबद्दल मात्र भराभर शब्द उमटतात, म्हणजे डोकं शाबूत आहे. ती या भागात खरी जिंकते ती इथे. शिवाय कॅमेरा इतका सांभाळून फिरवलाय की दिसत काहीच नाही. काकूंना आधी सांगून ठेवा, त्यांनी तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त जग पाहिलंय.

मात्र कराची गाळा. माझ्या मते तो शेवट लेखकांनी स्वतःच्या हौसेसाठी जोडलाय.

ट्रान्सहार्बर

पाचपाखाडीकर ताई, 'एलिमेंटरी'वर अन्याय करताय. मी ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या ती अख्खी मालिका संपवलीय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. :)

तुम्ही हरवणारी बाई आयरीनमध्ये शोधताय. मालिकेनं ती जागा जोनला दिलीय. आठवा, आयरीनचा खून झाला असं समजून हा होम्स हेरॉइनच्या आहारी गेलेला असतो, व्यसनमुक्तीनंतर त्याच्यावर लक्ष ठेवायला जोन येते. आयरीन जिवंत सापडते, तीच मोरियार्टी निघते, आणि तिच्यापुढे याचं डोकं चालेनासं होतं. हिच्यासमोर तो खरोखरच हरलेला आहे, मूळ कथेपेक्षाही वाईट. मग ताळा कोण लावतं? जोन. होम्सला जे दिसत नाही ते तिला दिसतं, की मोरियार्टी त्याच्यात गुंतलीय. मग होम्सनं पुन्हा नशा करून जीव धोक्यात घातल्याचा बनाव रचतात, मोरियार्टी इस्पितळात त्याला भेटायला येते आणि पकडली जाते. डाव वॉटसनचा होता, हे होम्स तिला तोंडावर सांगतो. शेवटी गच्चीवर मधमाशीच्या एका नव्या जातीला तो वॉटसनचं नाव देतो. फोटो मागून घेणाऱ्या होम्सचीच ही रीत झाली की.

दाखवायचं काय तर 'द वुमन' आणि 'हिरोइन' हे सीझनचे शेवटचे दोन भाग, अमेरिकेत ते १६ मे २०१३ ला एकाच रात्री लागले होते. त्यातही वेळ नसेल तर 'हिरोइन'चा उत्तरार्ध. आधीची हकिगत तुम्ही तोंडी सांगा, पाच मिनिटांत होते.

जुना_वाचक_नौपाडा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पाहण्यात तरी 'नाही' असंच आहे, आणि कारण साधं आहे. मासिकातल्या कथेत पाहुणी आली, जिंकली, गेली, पुढच्या महिन्यात दुसरी कथा. मालिकेला ते परवडत नाही. लोकांना आवडलेलं पात्र परत आणायचं तर त्याला नायकाशी कायमचं बांधावं लागतं, मग प्रेम तरी लावा नाहीतर वैर. बीबीसीनं एक केलं, अमेरिकनांनी दोन्ही.

सरळ जिंकून गेलेली आयरीन हवी असेल तर मागे जा. ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीच्या मालिकेचा (होम्स झालाय जेरेमी ब्रेट) पहिलाच भाग ही कथा आहे, एप्रिल १९८४ चा, तासाभराच्या आत संपतो. रशियन नट लिवानोवच्या होम्समध्येही १९८३ च्या भागात ही कथा आठवणीच्या रूपात येते, पण सबटायटल्स वाचता वाचता तुमची पहिली रांग झोपेल.

आणि मूळ कथेबद्दल थोडं छेडतो. ती जिंकली म्हणजे नेमकं काय? पत्रात ती फोटो वापरणार नाही असं कळवते, राजा म्हणतो हिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि खूश होऊन जातो. अशिलाचं काम झालं. हार फक्त होम्सच्या हिशेबात आहे. त्याच वर्षीच्या 'फाइव्ह ऑरेंज पिप्स'मध्ये तो स्वतःच सांगतो की आपण चारदा हरलो, तीनदा पुरुषांकडून आणि एकदा बाईकडून. दुसरं म्हणजे, वॉटसन कथेच्या पहिल्याच परिच्छेदात तिला दिवंगत म्हणतो आणि कशी गेली ते कुठेच सांगत नाही. दोन्ही नव्या मालिकांत ती मेल्याचा देखावा करते, ते बहुधा या एका शब्दाला धरूनच. वाचनाच्या वेळी तो परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्या.

जाता जाता, आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. त्याच वर्षी डिसेंबरात 'स्ट्रँड'मध्ये लेखक कॉनन डॉयलनं होम्सला धबधब्यात ढकलून संपवलं होतं.

पाचपाखाडीकर

सगळ्यांचे आभार. ट्रान्सहार्बर, मधमाशीचं पटलं, पण मोरियार्टी करण्याबद्दलची माझी तक्रार तशीच आहे. एका बाईला मोठं करायला दुसरीला खलनायिका कशाला करायचं? यावर कट्ट्यात भांडण लागलं तर उत्तमच.

सध्या असं ठरवतेय: कथा घरून वाचून यायची. आधी ब्रेटच्या भागातला फक्त शेवट, मग बेलग्रेव्हियातली भेट, अलार्म आणि नाडीचा प्रसंग, मग 'हिरोइन'मधलं इस्पितळ. कराची गाळून. तिजोरी उघडते तिथे मी थांबवणार आणि विचारणार, तुम्ही लेखक असता तर पुढे काय केलं असतं? हॉल नऊला रिकामा करावा लागतो, त्यामुळे चहा मध्ये नाही, शेवटी.

आता एवढंच सांगा, ब्रेटचा तो भाग चांगल्या प्रतीत आणि सबटायटल्ससकट रीतसर कुठे मिळेल? ब्रेट पुटपुटतो फार, आणि आमचे स्पीकर जेमतेम.